पाण्याची सुई

पानसे डॉक्टर गेले तेव्हा भोरात शोकसभा झाली आणि जो उठला तो त्यांच्या आवाजाबद्दल बोलला. एक जण म्हणाला, डॉक्टर दवाखान्यात नुसते खाकरले तरी एसटी स्टँडवर ऐकू यायचं. दुसरा म्हणाला, त्यांनी दम दिला की अर्धा ताप तिथंच उतरायचा. लोक हसले, मग डोळे पुसले. मलाही बोलायला उठवलं, कारण माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला अगदी भिंतीला भिंत लागून. "आतार, तुम्ही तर त्यांचे रोजचे," असं म्हणाले. मी उठलो, डॉक्टर चांगले होते असं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. मागच्या रांगेत पासलीहून आलेला एक म्हातारा मान खाली घालून बसला होता. तो समोर असताना त्या आवाजाचं कौतुक माझ्या तोंडून निघेना.

आवाज होता मात्र तसाच, खोटं कशाला बोलू. आणि नुसता आवाज नव्हे, त्या माणसाचं सगळंच वाजायचं. बुटांना नाल मारलेली असायची, त्यामुळं ते फरशीवरून चालले की माझ्या कपाटातल्या बाटल्या थरथरायच्या. स्कूटरचा सायलेन्सर कधीच सडून गेला होता आणि तो बदलायला त्यांना सवड नव्हती. चहा बशीत ओतून पीत, तो भुरका मला पलीकडं ऐकू यायचा. पेशंट आत गेला की त्याला काय झालंय ते बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळायचं. "अरे, मूळव्याध झालीय म्हणून इतका लाजतोस काय?" हे वाक्य एका नवरदेवाला ऐकवल्यापासून कित्येक पुरुष पोटाच्या तक्रारी घेऊन थेट माझ्याकडंच यायला लागले.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता, "बोट ठेव." कुणी म्हणालं, डॉक्टर, अंग दुखतंय, की हे म्हणत, "कुठं? बोट ठेव." माणसानं गुडघ्यावर, बरगडीवर, दाढेवर बोट ठेवलं की डॉक्टर खूश. मग ते दाबून बघत, टिचक्या मारत, आणि निदानही बहुतेक वेळा बरोबर निघे. पण डोकेदुखीवाला आला की पंचाईत. तो बिचारा कधी कपाळ धरी, कधी डोळ्यामागं दाखवी, कधी मानेकडं. डॉक्टर वैतागत. "एका जागी बोट ठेवता येत नाही म्हणजे दुखत नाही," असा त्यांचा निकाल होता. त्यांचं स्वतःचं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं आणि ही गोष्ट ते स्वकष्टानं कमावल्यासारखी सांगत.

त्यातूनच ती पाण्याची सुई निघाली. इंजेक्शनची पावडर कालवायला डिस्टिल्ड वॉटरच्या बारक्या कुप्या येतात, त्या माझ्याच दुकानातून त्यांच्याकडं जायच्या. एकदा एक मुकादम पाठ धरून आला. त्याला कामावर दाखवायला दाखला हवा होता. डॉक्टरांनी त्याला नुसतं पाणी टोचलं आणि अर्ध्या तासानं विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "लई बरं वाटतंय, डॉक्टर, निम्मं दुखणं गेलं." डॉक्टर त्याला हाताला धरून बाहेर बाकाशी घेऊन आले आणि सगळ्यांदेखत रिकामी कुपी वर धरली. "हे बघा याचं औषध. पाणी." त्या दिवशी भोर पोट धरून हसलं. मीही हसलो. नंतर ज्याचा संशय येई त्याला डॉक्टर तीच सुई देत आणि त्या परीक्षेचा त्यांना फार अभिमान होता.

एवढंच सांगितलं तर माणूस दुष्ट वाटेल, आणि दुष्ट ते अजिबात नव्हते. भाटघरच्या बाजूचा एक गडी फुरसं चावून आला होता. हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. डॉक्टरांनी दवाखाना तसाच उघडा टाकला, भाजीचा टेम्पो थांबवला आणि मागं वांग्याच्या पोत्यांवर त्या गड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत त्याला शिव्या घालत नेला, कारण झोपू द्यायचं नव्हतं. गडी वाचला. पुढं कितीतरी वर्षं तो भात निघाला की आंबेमोहोराची पिशवी घेऊन यायचा आणि डॉक्टर त्याच्यावर ओरडायचे, की मला मधुमेह आहे, भात काय डोंबल खाऊ. म्हणून तर लोकांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. पानसे डॉक्टर म्हणाले म्हणजे झालं, असं वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत समजत.

इंदूला तिच्या सासऱ्यानं आणलं ते आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत. इंदू भोरजवळच्या उत्रोलीची, पासलीला दिलेली. माहेरच्या ओळखीनं म्हातारा तिला इतक्या लांब, दोन गाड्या बदलून भोरला घेऊन आला होता. शोकसभेत मागं बसलेला तो हाच सखाराम. सुनेच्या डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, डोळे मिटलेले, पायरीवर बसूनच तिनं गटारात ओकारी काढली. सखाराम हात जोडून सांगत होता, "दर म्हयन्याला हिचं असंच. अर्धं डोकं धरती नि गोठ्याच्या अंधारात जाऊन पडती. सुंठीचा लेप लावला, उतारा टाकला, दिस उगवायच्या आदी दुधातनं जिलबी खायला घातली. काय बी गुण न्हाई. हितं चिखलणी झालीया, रोपं काढून ठिवल्यात, नि माणूस न्हाई."

डॉक्टरांनी इंदूला विचारलं, "कुठं दुखतं? बोट ठेव." तिनं डोळ्यावर ठेवलं, मग कानशिलावर, मग नुसताच हात हवेत फिरवला. ती म्हणाली, "आदी डोळ्याम्होरं चकाकतंय. मंग अर्धंच माणूस दिसतं." बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. डॉक्टरांनी पाणी भरलं आणि टोचलं. तिला आतल्या खोलीत पडू दिलं. तिला झोप लागली आणि दुपारनंतर उठली तेव्हा चेहरा उतरलेला पण डोळे उघडे होते. म्हणाली, आता जरा बरं आहे. झालं. डॉक्टर नाल वाजवत बाहेर आले आणि भरल्या दवाखान्यात सखारामला म्हणाले, "घेऊन जा हिला. पाणी टोचलं होतं, पाण्यानं बरी झाली. काही झालेलं नाही. कामाचा कंटाळा आहे." इंदू त्यांच्या मागंच उभी होती. तिनं पदर नीट केला आणि सासऱ्याच्या मागून पायऱ्या उतरली.

पुढचं मला तिच्या भावाकडून कळायचं. तो उत्रोलीहून दुकानात यायचा. डॉक्टरांचं वाक्य इंदूच्या आधी पासलीत पोचलं होतं. त्यानंतर तिला कधी पडू दिलं नाही. डोकं उठलं की सासू म्हणायची, पाण्याच्या सुईनं उठलीस, तशी आता ऊठ. दोन पावसाळे तिनं तसेच काढले. तिसऱ्या वर्षी खाचरात वाकलेली असताना तिला अर्धं दिसेनासं झालं, ती बांधावर बसली, आणि नवऱ्यानं सगळ्या बायांदेखत तिच्यावर हात उचलला. ती तशीच चिखलाच्या पायांनी चालत निघाली ती माहेरी आली. चार-पाच वर्षांची पोर तिकडंच राहिली, ती त्यांनी दिली नाही. पुढं नवऱ्यानं दुसरी केली आणि तो पुण्यात कंपनीत लागला, तिकडंच राहिला. पोर आजी-आजोबांकडं.

हे सगळं मी त्याच वेळी डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "घरातली भांडणं ती. आपण काय करणार?" आणि भुरका मारून चहा प्यायले.

मधे बरीच वर्षं गेली. दवाखान्यात फोन बसला, मग पोरांच्या हातात मोबाईल दिसायला लागले. डॉक्टरांचे केस पांढरे झाले, आवाज तेवढाच राहिला. पुण्यात एका औषध कंपनीनं डॉक्टरांसाठी व्याख्यान ठेवलं. अशा ठिकाणी आपण जेवणासाठी जातो हे डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगत. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतो तोच ते आत आले आणि स्टुलावर बसले. चहाही मागवला नाही. मला वाटलं, जेवण बाधलं.

"आतार," ते म्हणाले, "मेंदूला टोचलं तर दुखतं का रे?"

"दुखणारच की."

"नाही दुखत. कापला तरी नाही. मेंदूला स्वतःचं काही कळत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. म्हणून तर म्हणायचो, डोक्यात दुखायला आहे काय."

पुड्या बांधायचा खाकी कागद त्यांनी ओढून घेतला आणि त्यावर एक नळी काढली. नळीभोवती बारीक रेघांचं जाळं काढलं. म्हणाले, "ही मेंदूवरची रक्तवाहिनी. आणि हे तिच्यावर चढलेले मज्जातंतू. कपाळाची, डोळ्याची, दाताची कळ ज्या नसेतून मेंदूकडं जाते, तिचेच हे फाटे. म्हणून कळ असते आत, रक्तवाहिनीशी, आणि माणूस धरतो डोळा, धरतो कपाळ. त्याला एका जागी बोट ठेवता येत नाही. येणारच नाही." त्यांनी त्या रेघांवर बोट टेकवलं. "आणि हे तंतू नुसता निरोप नेत नाहीत. चेतले की टोकातून काही द्रव्यं सोडतात. पेप्टाइडं म्हणतात त्यांना, प्रथिनाचे अगदी बारके तुकडे. त्यांनी रक्तवाहिनी फुगते, भोवतालचं आवरण हुळहुळं होतं. मग नाडीचा एकेक ठोका लागतो. खोकलं की लागतं. वाकलं की लागतं. अर्धशिशी चढलेली असताना मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं, तर त्यातलं एक पेप्टाइड वाढलेलं सापडतं. रक्तात सापडतं, आतार."

मी म्हणालो, "मग बरंच झालं की. कारण कळलं, आता औषध निघेल."

"वाकलं की लागतं," ते पुन्हा म्हणाले. "आणि आवणीत बाई दिवसभर काय करते?"

मला एकदम इंदूची पदर सावरून उतरणारी पाठ आठवली. त्यांनाही तीच आठवली असणार, पण नाव कुणीच घेतलं नाही.

जरा वेळानं ते म्हणाले, "पाण्यानं उतरलं म्हणजे दुखतच नव्हतं, हे मला कुणी शिकवलं?"

"कुणी?"

"कुणीच नाही. मी माझंच ठरवलं. काल त्या व्याख्यात्याला विचारलं. पोरगेला होता. म्हणाला, सर, सुई मिळाली एवढ्या भरवशानंही खरं दुखणं खरोखर उतरतं कधी कधी. आणि झोप लागली की तसाही झटका ओसरतो. त्यावरून खरं-खोटं कसं ठरणार? मी मुकादमाकडं बघितलं होतं ना, तसं तो माझ्याकडं बघत होता." कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि उठले. त्या दिवसापासून पाण्याची सुई बंद झाली. पण ज्यांना देऊन झाली होती त्यांचं काय, हे त्यांच्या मनातून जाईना. चहा अर्धा टाकून उठायचे. स्कूटर चालू करून तिच्यावर नुसतेच बसून राहायचे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सखाराम पुन्हा आला. म्हातारा वाकला होता. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची पोर, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं. मी काउंटरवरून बघितलं. ती इंदूची पोर होती, मनीषा.

"डॉक्टर," सखाराम म्हणाला, "हिनंबी आईचीच सोंगं सुरू केल्यात. हिला ती तुमची पान्याची सुई टोचा. म्हंजी इषय मिटंल."

मी दुकान सोडून दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी उठून स्वतः खिडकी लावली, दिवा बंद केला आणि स्टूल ओढून पोरीसमोर बसले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"उजेड नको वाटतो का, बाळ?"

"व्हय."

"वास कसले सोसत नाहीत?"

"राकेलचा. आन फोडणीचा."

"दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही येतं?"

"नागमोडी चकाकतंय. मंग माणूस अर्धंच दिसतंया."

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "तुझ्या आईलाही असंच व्हायचं का?"

"मला न्हाई म्हाईत," पोर म्हणाली. "आईचं नाव घरात काडत न्हाईत."

त्यांनी तिला गोळी दिली, अंधारात निजवलं आणि बाहेर बाकांपाशी आले. तिथं मात्र त्यांचा नेहमीचा आवाज लागला, जाणूनबुजून लावला असं मला वाटलं. "ऐका सगळे. ही पोर खरी आजारी आहे. हिची आईही खरी आजारी होती. इथंच, याच जागी, मी तिला कामचुकार म्हणालो होतो. ते माझं चुकलं."

सखाराम त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमी अडाणी माणसं, डॉक्टर. तुमी सांगितलं ते धरून चाललो. हितं सांगून काय उपेग? हितं तिला कोण वळखतंय? पासलीत येऊन सांगा."

राग मला सखारामचाही आला होता, पण म्हातारा बोलला ते बरोबर होतं.

डॉक्टर पासलीला गेले. शुक्रवारी दुपारी माझं दुकान बंद असतं, म्हणून मलाही ओढून नेलं. वेल्ह्याच्या पुढं एसटी रिकामी होत गेली. शेवटी गाडीत आम्ही दोघं आणि एक कोंबड्यांची पाटी. डॉक्टर सारखे खिशातला तो खाकी कागद काढून बघत होते, पण पासलीत त्यांनी तो काढलाच नाही. सखारामच्या पडवीत शेजारपाजार जमला होता, त्यांच्यासमोर ते उभे राहिले. म्हणाले, "गळू झालं की दिसतं. सूज वर असते. इंदूची सूज डोक्याच्या आत होती, शिरांना, म्हणून कुणाला दिसली नाही. मी डॉक्टर, मला समजायला हवी होती. मी तिला खोटी ठरवली. ती खोटी नव्हती." बोलून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

सखारामची बायको चुलीपाशी होती. ती उंबऱ्यात येऊन थांबली. "ती म्हनायची, आत्याबाई, वाकवत न्हाई मला. म्या म्हनायची, ऊठ." ती डॉक्टरांकडं बघत नव्हती, पडवीतल्या शेणाच्या पाटीकडं बघत होती. "मंग म्या काय केलं हे?"

म्हातारी आत गेली. आम्हाला निरोप द्यायला मनीषा रस्त्यापर्यंत आली, आणि गाडी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मला आईकडं जाता यील का आता?" डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली. भोर आल्यावर म्हणाले, "अजून जिचं देणं लागतो तिला तोंड दाखवलेलंच नाही."

पोरीला आठवड्याभरात आजीनं स्वतः उत्रोलीला आणून पोचवलं. पण डॉक्टरांना धीर होईना. रोज म्हणत, उद्या जाऊ. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो आणि म्हणालो, आता चला. इंदूच्या भावाचं घर रस्त्यापासून आत, बोळाच्या टोकाला. भाऊ ओट्यावरच भेटला. म्हणाला, "आज नका, डॉक्टर. सकाळधरनं तिचं डोकं उठलंय. आत पडलीया."

डॉक्टर जागीच थांबले. खाली वाकून त्यांनी ते नालांचे बूट काढले आणि हातात धरले. भाऊ म्हणाला, "हाक मारू का?" त्यांनी जोरजोरात मान हलवली, नको. दार लोटलेलं होतं. आत अंधारात कुणीतरी फडकं पिळल्याचा आवाज आला. मग मनीषा दारात आली, ओल्या हातांनीच. आमच्याकडं बघून आत गेली, आत काही कुजबुज झाली, आणि परत आली.

"आई म्हनती," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर असतील तर बसू द्या. फकस्त बोलू नका म्हनावं."

पानसे डॉक्टर ओट्यावर बसले. बूट शेजारी ठेवले, हात मांडीवर ठेवले. मी ताटकळलो, मग दुकानाची वेळ झाली म्हणून चालतच निघालो. बोळाच्या तोंडाशी आलो तर रस्त्यावरून भाजीचा टेम्पो येत होता, वर भोंगा, कांदे-बटाटे, कांदे-बटाटे, असा कर्कश ओरडणारा. माझ्या अंगावरून कुणीतरी धावत गेलं. ते डॉक्टर होते. भर उन्हात, तापल्या डांबरावर, अनवाणी ते टेम्पोच्या पुढं जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि काच खाली करून शिवी हासडली. डॉक्टरांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं, आणि भोंगा बंद होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.